स्वतःला दिलेला शब्द

लांब पल्ल्याचं धावणाऱ्या हौशी माणसांना एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो आम्ही एकमेकांनाही विचारत असतो : मोटिव्हेशन टिकवता कसं? मराठीत त्याला प्रेरणा म्हणू. उत्तरं ठरलेली असतात. कुणी रक्तातली साखर सांगतं, कुणी वजन, कुणी मुलांसमोर ठेवायचा आदर्श, कुणी मागच्या शर्यतीत हुकलेली दोन मिनिटं. ही उत्तरं खोटी नसतात. पण डिसेंबरातल्या जबलपुरात पहाटे पावणेपाचला, अंगावर रजई आणि बाहेर धुकं असताना, यांतलं एकही उत्तर अंथरुणाशी येऊन उभं राहत नाही. माझा अनुभव असा की प्रेरणा घरी न्यायला येत नाही. भेटलीच तर ती रस्त्यावर, अंग तापल्यावर, दोनेक किलोमीटर झाल्यानंतर भेटते. मग तिच्याही आधी माणसाला जे उठवतं ते काय?

मला वाटतं, ते एक वचन असतं. 'उद्या सोळा किलोमीटर' असं रात्री मी स्वतःला सांगितलेलं असतं. ते दुसऱ्या कुणी ऐकलेलं नसतं आणि मोडलं तर कुणाचं काही अडत नाही. मी महाविद्यालयात शिकवते. उत्तरपत्रिका वेळेवर तपासल्या नाहीत तर विद्यापीठ विचारतं, दुधाचे पैसे थकले तर दूधवाला विचारतो. धावले नाही तर विचारणारं कुणी नाही. तरीही न धावता गेलेल्या दिवशी काहीतरी मोडल्यासारखं वाटतं. हे वाटणं कितपत खरं धरायचं? स्वतःला दिलेला शब्द माणसाला खरोखर बांधतो का?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, कारण वचनाला दोन माणसं लागतात. शेजारणीला मी म्हटलं की रविवारी तुमच्याबरोबर ग्वारीघाटाला येते, तर त्या शब्दातून मला मोकळं करण्याचा अधिकार तिचा. 'राहू द्या, पुढच्या आठवड्यात जाऊ' असं ती म्हणाली की मी सुटले. स्वतःला शब्द दिला की देणारी मी आणि घेणारीही मीच. म्हणजे मोकळं करण्याचा अधिकारही माझ्याच हाती. थॉमस हॉब्जने १६५१ सालच्या 'लेव्हायथन' या ग्रंथात राजा आणि कायदा यांच्याबद्दल लिहिताना नेमकं इथेच बोट ठेवलं आहे. बांधणं ज्याच्या हाती आहे, त्याच्याच हाती सोडणंही असेल, तर तो मुळात बांधलेलाच नाही, असा त्याचा युक्तिवाद. पुढे इमॅन्युएल कांटलाही स्वतःविषयीच्या कर्तव्यांचा विचार करताना हीच गाठ लागली. ती सोडवताना त्याने माणसाकडे दोन बाजूंनी पाहिलं : आज्ञा देणारा विवेक, आणि जिला ती आज्ञा पाळावी लागते ती देहधारी व्यक्ती. पहाटे धावणाऱ्या माणसाला कांट न वाचताही हे पटेल. रात्री दहाला गजर लावणारी आणि पावणेपाचला तो बंद करणारी या दोघी एकच बाई आहेत, असं मला कधीच वाटलेलं नाही.

या दोघींच्या भांडणात पहिलीची बाजू बळकट व्हावी म्हणून आम्ही बाहेरून दोर आणतो. पहिला दोर तारखेचा. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचे पैसे भरायचे, महानगरी एक्स्प्रेसचं तिकीट काढायचं आणि ते सगळ्यांना सांगून टाकायचं. दुसरा दोर सोबतीचा. रिज रोडच्या कोपऱ्यावर पाच दहाला कुणीतरी आपली वाट बघत उभं असतं, त्याला थंडीत ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही. तिसरा दोर मनगटावर. घड्याळ अंतर मोजतं, वेग मोजतं, आणि आठवडा रिकामा गेला तर तेही दाखवतं. तिन्ही दोर कामाचे आहेत, मी तिन्ही वापरते. पण ते जे काम करतात ते पाहिलं तर लक्षात येतं की स्वतःला दिलेल्या शब्दाचं ते दुसऱ्याला दिलेल्या शब्दात रूपांतर करतात. मूळ प्रश्न तसाच राहतो. शर्यत संपली, सोबतीची बदली झाली, घड्याळ बिघडलं, की माणूस पुन्हा एकटा स्वतःसमोर येतो. शर्यतीनंतरच्या मंगळवारी जी एक विचित्र पोकळी जाणवते, ती पुष्कळ धावणाऱ्यांच्या ओळखीची आहे. तारखेने आपल्याला उठवलं होतं आणि आता तारीख उरलेली नाही.

आकड्यावर विसंबणं तर आणखी अवघड. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारतातून जो पहिला चमू गेला, त्याची सुरुवात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींतून झाली होती. त्या शर्यती पाहून दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला आणि पदरचे पैसे घातले. मॅरेथॉनसाठी दोघे धावले, बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. त्या वर्षीचं अंतर आजच्यापेक्षा जास्त, ४२.७५ किलोमीटर होतं. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. निकालाच्या कागदावर एकापुढे आकडा आहे, दुसऱ्यापुढे तो नाही. आता मला सांगा, या दोघांपैकी स्वतःला दिलेला शब्द कुणी पाळला आणि कुणी मोडला, हे त्या कागदावरून कळतं का? आकडा पाय कुठपर्यंत पोचले ते सांगतो. शब्दाचं काय झालं हे त्याला ठाऊक नसतं.

जबलपूर हे फौजेचं शहर. ग्रेनेडियर्सचं केंद्र इथे, जम्मू अँड काश्मीर रायफल्सचं इथे, सिग्नल्सचं प्रशिक्षण केंद्रही इथे. गन कॅरेज फॅक्टरी तर १९०४ पासूनची. त्यामुळे पहाटेच्या रस्त्यांवर आणि मैदानांवर आमच्यासारख्या हौशी लोकांपेक्षा भरतीची तयारी करणारी मुलं कितीतरी जास्त दिसतात. आसपासच्या गावांतून आलेली, भाड्याच्या खोलीत चौघं-पाचजण राहणारी. त्यांचं अंतर ठरलेलं आहे, १.६ किलोमीटर. ते साडेपाच मिनिटांत केलं तर पूर्ण गुण. आम्ही ज्या वेगाने सोळा किलोमीटर धावतो, त्या वेगाला ही मुलं हसतात, आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांतल्या एकाने मला मागच्या हिवाळ्यात पाणी पिता पिता विचारलं, "आंटी, आप किस भर्ती की तैयारी कर रही हैं?" मी म्हटलं, कसलीच नाही. तो म्हणाला, "फिर?"

त्या 'फिर'ला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हतं, पण तो शब्द मी घरी घेऊन आले. त्या मुलाच्या धावण्यावर एका घराचा भार आहे. वयाची मर्यादा ओलांडली की त्याची शर्यत कायमची संपते. त्याला प्रेरणा कशी टिकवतोस असं विचारणं म्हणजे त्याची थट्टाच. माझं धावणं मात्र हौस आहे. हौस हा शब्द आपण गोड मानतो, पण त्यात एक हिशेब दडलेला असतो. हौशीला वेळ लागतो, आणि वेळ कुणाच्या तरी खिशातून येतो. स्वतःला दिलेल्या शब्दाबद्दल बोलताना हा हिशेब टाळता येणार नाही, असं मला तेव्हापासून वाटू लागलं.

या हिशेबाकडे जाण्याआधी घरातल्याच एका गोष्टीकडे वळते. मॅरेथॉनच्या सरावाचे तक्ते साधारण सोळा ते अठरा आठवड्यांचे असतात. आठवड्यातून चार दिवस धावायचं, रविवारी लांब अंतर, ते हळूहळू तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत न्यायचं, आणि शेवटचे दोन-तीन आठवडे कमी करत यायचं. सोळा आठवड्यांचा असा तक्ता मी फ्रिजवर लावला, तेव्हा सासूबाईंनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर सोळा सोमवारच झाले. उद्यापन कधी?" मी म्हटलं, जानेवारीत, मुंबईला. त्यांचा पुढचा प्रश्न, "आणि जेवायला कोण?"

सासूबाईंचं माहेर-सासर दोन्ही जबलपूरचं. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथून १८१७ मध्ये गेला, पण तेव्हापासूनची आणि नंतर रेल्वे, कचेऱ्या, कारखाने यांच्यामागे आलेली मराठी घरं इथे टिकून राहिली. त्यांची भाषा बरीचशी हिंदीत मिसळली, व्रतवैकल्यं मात्र जशीच्या तशी राहिली. सासूबाईंनी सोळा सोमवार तीनदा केले आहेत. त्यांच्या त्या दोन प्रश्नांमुळे मी व्रताच्या रचनेकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं की स्वतःला शब्द देण्याची कला आपल्या बायकांनी फार पूर्वीच घडवून ठेवली आहे. व्रताला आरंभ असतो. हातात पाणी घेऊन, दिवस आणि ठिकाण उच्चारून संकल्प करायचा असतो, मनातल्या मनात ठरवून चालत नाही. त्याला शेवट असतो, म्हणून ते जन्मभर मानगुटीवर बसत नाही. त्याला अपवाद असतात. सुतक आलं, आजारपण आलं, तर काय करायचं, पूजा दुसऱ्याकडून कशी करवून घ्यायची, उपवास झेपत नसेल तर काय घ्यायचं, हे सगळं आधीच ठरलेलं. आणि उद्यापनाला दुसऱ्यांना जेवू घालायचं असतं. सोळा आठवडे जे मी एकटीने केलं, त्याच्या शेवटाला पाटावर दुसरी माणसं बसलेली हवीत.

माझ्या तक्त्यात पहिल्या दोन गोष्टी होत्या. अपवाद आणि पंगत या दोन्ही गोष्टी नव्हत्या. म्हणूनच की काय, तक्त्याने धावणारी माणसं लवकर कडवी होतात. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी दुप्पट धावतात, नडगी दुखत असली तरी पट्टी बांधून निघतात, आणि जे धावत नाहीत त्यांच्याकडे किंचित वरून बघतात. व्रतांच्या कहाण्या यावरही सावध करतात. घेतलेला वसा टाकू नये हे त्यांतलं सांगणं सगळ्यांना आठवतं. पण त्याआधी त्या आणखी एक सांगतात : वसा घेतल्याचा माज करू नये. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. शब्द मोडण्याच्या पापाआधी शब्द पाळण्याचा गर्व येतो.

नेम आणि सक्ती यांत फरक कसा करायचा, याचं एक उत्तर विनोबांच्या गीता प्रवचनांत आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेली, साने गुरुजींनी लिहून घेतलेली ही प्रवचनं. त्यांत विनोबा 'विकर्म' या शब्दाला आपला एक अर्थ देतात. बाहेर चाललेल्या कर्माला आतून चित्ताची जोड मिळाली की ते विकर्म, आणि दोन्ही एकत्र आली की कर्माचं ओझं नाहीसं होतं. धावण्यापुरतं बोलायचं तर पाय उचलले जाणं हे कर्म. त्या पायांत मन असेल तर दहावा किलोमीटर हलका जातो, मन घड्याळात किंवा उद्याच्या फोटोत असेल तर दुसराच जड होतो. नेमाची खूण ही की काही आठवड्यांनी तो आपल्याला उचलून नेऊ लागतो. सक्तीला मात्र दर सकाळी आपल्यालाच ओढत न्यावं लागतं.

आता हिशेब. आठवड्याला साधारण सहा तास, सोळा आठवडे : शहाण्णव तास. हे तास आकाशातून पडत नाहीत. झोपेतून घेतले तर ते माझे. पण रविवारचे सकाळचे तीन-साडेतीन तास, आणि नंतर गळून पडलेली दुपार, ही घराची असते. बाईला हा हिशेब आपोआप कळतो, कारण तिला तो मांडायला लावला जातो. पुरुष पहाटे धावायला निघाला तर घर त्याच्यासाठी चहा ठेवतं, बाई निघाली तर घर विचारतं, डब्याचं काय? मला हे वर्षानुवर्षं अन्यायाचं वाटत आलं आहे, आणि अजूनही वाटतं. पण त्यातून एक गोष्ट नकळत चांगली घडली. माझा शब्द पहिल्या दिवसापासून मनात कोंडलेला राहिला नाही. तो स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर बोलावा लागला. रविवारचा सकाळचा नाश्ता नवऱ्याकडे गेला तो रीतसर चर्चा होऊन, आणि दोन रविवार पोहे करपल्यानंतर तो त्याला चांगला जमूही लागला. माझ्या सोबतच्या कित्येक पुरुषांच्या धावण्याची किंमत घरात कुणीतरी अशीच भरतं आहे. फरक इतकाच की ती कधी मोजली गेलेली नाही आणि भरणारीला कुणी विचारलेलं नाही. अशा माणसाने पहाटे उठून आपला शब्द पाळला, असं म्हणता येईल का? दुसऱ्याच्या पैशांनी दान केल्यासारखं ते आहे.

आमच्या गटातला एक जण त्या वर्षी पहिल्यांदाच पूर्ण मॅरेथॉन धावणार होता. सप्टेंबरच्या शेवटी सुरुवात केली. दसऱ्याच्या दिवसांत जबलपूर रात्रभर जागं असतं, देवीच्या मंडपांची रोषणाई बघून पहाटे घरी परतणाऱ्या गर्दीतून वाट काढत हा धावायचा, लोक त्याला हसून हात करायचे. डुमनाच्या रस्त्यावर त्याने एकट्याने छत्तीस हजार पावलं टाकल्याचं एका रविवारी आम्हाला फार अभिमानाने सांगितलं होतं. नोव्हेंबरच्या शेवटी, शर्यतीला आठ आठवडे असताना, त्याच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. त्याने आम्हाला कळवलं की या वेळी मी नाही. रविवारी चहाच्या टपरीवर यावर बरंच बोलणं झालं. एक म्हणाला, एवढी मेहनत वाया जाईल, रोज तासभर तरी काढायला हवा. दुसरा म्हणाला, अशा वेळीच तर माणसाची परीक्षा असते, वडिलांनाही अभिमान वाटेल. जो सगळ्यांत वडीलधारा, तो एवढंच म्हणाला की बाबांना सकाळी सहाला कुशीवर वळवावं लागत असेल.

मला त्या दिवशी हॉब्जचा प्रश्न उलट्या बाजूने दिसला. ज्याला सोडण्याचा अधिकार आहे तो बांधलेला नाही, हे त्याचं म्हणणं. पण या माणसाने शब्द सोडला कुठे? त्याला शब्दातून सोडवलं गेलं. दोन्हींत अंतर आहे. मी पावणेपाचला गजर बंद करून कूस बदलते, तेव्हा मीच मला मोकळी करते आणि फायदाही मलाच होतो. वडिलांना वळवण्यासाठी तो थांबला, तेव्हा त्याच्यावर ज्याचा हक्क आधीचा आणि मोठा होता, त्याने तो मागून घेतला. शेजारणीने मोकळं करावं तसं एका दुसऱ्या माणसाने त्याला मोकळं केलं, बोलता येत नसतानाही. म्हणजे स्वतःला दिलेला शब्दसुद्धा केवळ स्वतःच्या अखत्यारीतला नसतो. तो जसा इतरांच्या जगण्यातून वेळ घेऊन उभा राहतो, तसा इतरांच्या हक्कापुढे वाकतोही.

यात एक धोका आहे आणि तो लहान नाही. कंटाळा नेहमी कर्तव्याचा सदरा घालून येतो. मुलीची परीक्षा, पाहुणे, ढगाळ हवा, कॉलेजमधलं काम, यांतलं प्रत्येक कारण पहाटे अंथरुणात फार भारदस्त दिसतं. खरा हक्क आणि सबब यांतला फरक त्या अंधारात कसा ओळखायचा? मी दोन कसोट्या लावते. पहिली, हे कारण मोठ्याने बोलून बघायचं. रिज रोडच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला फोन करून 'हवा ढगाळ आहे म्हणून येत नाही' असं सांगता येईल का? मनात हत्तीएवढी असलेली सबब बोलताना उंदराएवढी होते. वडील आजारी आहेत हे कारण मात्र बोलताना लहान होत नाही. दुसरी कसोटी, मी न गेल्याने कुणाला काय मिळालं? मी झोपून राहिल्याने मुलीच्या परीक्षेला काहीच मिळत नसेल, तर तिचं नाव पुढे करू नये.

हीच कसोटी उलटही लावावी लागते, कारण धावणं हीदेखील सबब होऊ शकते. घरात बोलायला नको असलेली गोष्ट असते, भेटायला नको असलेला नातेवाईक असतो, आणि लांब पल्ला फार सोयीचा पडतो. शिस्त म्हणून सगळे कौतुक करतात ते खरं तर पाठ फिरवणं असतं. अशा वेळी शब्द मोडणं हेच जास्त कठीण आणि जास्त सच्चं. शरीराचंही तसंच आहे. नडगीच्या हाडात टोचणारी कळ रोज एकाच जागी येत असेल, तर तीही एक मागणी आहे. तिच्याकडे निर्धाराच्या नावाखाली कानाडोळा केला तर हाडाला बारीक चीर पडेपर्यंत गोष्ट जाते. जे आपल्यासाठी सगळं सहन करतं त्याचं न ऐकणं याला मी मनोबल म्हणणार नाही.

घर सोडून न देता मोठा नेम कसा चालवावा, याचं उदाहरण या शहराने आपल्या डोळ्यांसमोर ठेवलेलं आहे. अमृतलाल वेगड जबलपूरचे, चित्रकलेचे शिक्षक, शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले. १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते जबलपूरहून मंडल्याच्या दिशेने नर्मदेच्या काठाने पायी निघाले. परंपरेप्रमाणे नर्मदा परिक्रमा अखंड करायची तर तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस धरले जातात. नदी उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, चातुर्मासात थांबायचं. नोकरी आणि संसार असलेल्या माणसाला ते शक्य नव्हतं. वेगडांनी ती तुकड्यातुकड्यांनी केली. सुट्टीत निघायचं, एक टप्पा चालायचं, परत यायचं, आणि पुढच्या वेळी पुढचा टप्पा. कधी विद्यार्थी बरोबर, पुढे पत्नी कांताबाई बरोबर. अशी वर्षानुवर्षं ती चालली आणि त्यातून पुस्तकं, रेखाटनं आली. २०१८ मध्ये ते गेले. अखंड परिक्रमेच्या मोजपट्टीवर कुणी ही परिक्रमा अपुरी ठरवू शकेल. मला मात्र ती प्रामाणिकपणाचा नमुना वाटते. जेवढा वेळ आपला होता तेवढ्यातच त्यांनी नेम बसवला, आणि तो लहान पडला म्हणून टाकून दिला नाही.

परिक्रमेची आणखी एक गोष्ट मला शिकण्यासारखी वाटते. परिक्रमावासी आपला खर्च आपण भरत नाही. काठावरची गावं, आश्रम, गरीब घरं त्याला जेवू घालतात. सदावर्त म्हणतात त्याला. पण ते उघड असतं. देणारा जाणून देतो, घेणारा 'नर्मदे हर' म्हणून हात जोडतो, आणि दुसऱ्या दिवशी पुढे निघतो. वारीचंही तसंच. पेरणी आटोपून माणसं निघतात, मागे शेत आणि घर सांभाळणारं कुणीतरी असतं, आणि त्या मागे राहिलेल्याचाही वारीत वाटा मानतात. म्हणजे दुसऱ्याने किंमत भरली म्हणून नेम खोटा होत नाही. ती चोरून भरायला लावली तर तो खोटा होतो.

आता स्वतःला दिलेला शब्द बांधतो का, या प्रश्नाला मी माझ्यापुरतं उत्तर देऊ शकते. बांधतो, पण जितकी किंमत मी स्वतः भरते किंवा ज्यांनी भरली त्यांना विचारून घेते, तितकाच. त्यापलीकडे तो शब्द राहत नाही, हट्ट होतो. आणि तो बांधतो याचं कारण हेच की तो पाळला की नाही, हे विचारणारं कुणी नाही. बाकी सगळ्या शब्दांच्या मागे वसुली करणारा उभा असतो. आपण शब्दाला जागणारं माणूस आहोत की केवळ वसुलीला भिणारं, हे कळायची जागा मोठ्या माणसाच्या आयुष्यात फारशी उरत नाही. रिकामा पहाटेचा रस्ता ही तशी एक जागा आहे. भरतीच्या मुलाच्या 'फिर'ला मी आज एवढंच सांगू शकेन. त्याला ते पुरेसं वाटेल असं नाही, आणि त्याच्या वयात वाटूही नये.

नव्याने धावायला लागलेलं कुणी आता मला प्रेरणेबद्दल विचारतं, तेव्हा मी तीन गोष्टी सांगते. घरात बोला, कोण कशासाठी किती वेळ देणार ते मोजून घ्या. शेवटची तारीख ठरवा आणि कुठल्या कारणांनी थांबायचं तेही आधीच लिहून ठेवा. आणि उद्यापनाला कुणाला जेवायला बोलावणार ते ठरवा. सासूबाईंच्या सांगण्यावरून मुंबईहून परतल्यावर आम्ही पुरणपोळीचा बेत केला. गटातले सगळे होते, त्यांच्या घरचे होते, ज्यांनी इतके रविवार एकट्याने काढले ती माणसंही होती. जो शर्यतीला आला नव्हता तो त्या दिवशी वडिलांना चाकाच्या खुर्चीत बसवून घेऊन आला. पहिलं पान सासूबाईंनी त्या वडिलांसमोर वाढलं. मुलगा त्यांना घास भरवत होता. मार्चमध्ये तो पुन्हा रस्त्यावर दिसू लागला, आठवड्यातून तीन दिवस, तीन-तीन किलोमीटर, सव्वासहाच्या आत घरी परत. त्याने जुना तक्ता मधूनच उचलला नाही, पहिल्या आठवड्यापासून सुरुवात केली. किती वेळात धावला, हे त्याला आमच्यापैकी कुणी विचारत नाही.